टूलचं वर्षाचं पॅकेज घेण्याआधी दुकानाचा फोन उघड

पत्र : मानेवाडा रोडला बाबांचं कूलरचं दुकान आहे. लोखंडी कूलर आम्ही स्वतः बनवतो, दुरुस्ती करतो, सीझनमध्ये भाड्यानेही देतो. बी.कॉम. झाल्यावर मी दुकानात बसायला लागले आणि एक साधी वेबसाइट बनवून घेतली. आता ओळखीतला एक मार्केटिंगवाला म्हणतो, कीवर्ड रिसर्चचं, म्हणजे लोक गूगलवर कोणते शब्द किती वेळा शोधतात ते दाखवणारं, टूल घेतल्याशिवाय साइटवर कोणी येणार नाही, वर्षाचं पॅकेज घेतलं तर सवलत मिळेल. मी तीन टूल्स फुकटात वापरून पाहिली. ‘कूलर रिपेअर नागपूर’ टाकलं तर एक हजारांत आकडा दाखवतं, दुसरं शंभरात आणि तिसरं सरळ शून्य. खरं कोणतं मानू? घेऊ कोणतं? शब्द मराठीत ठेवू, हिंदीत की इंग्रजीत? बाबा म्हणतात, तेवढ्या पैशात पत्रा येईल.
— कूलरवाल्यांची मुलगी, नागपूर

उत्तर : ज्या प्रश्नात पैसे अडकले आहेत त्याचं उत्तर आधी देते. वर्षाचं पॅकेज घेऊ नको. बाबांचं बरोबर आहे, पत्रा आणा. या सीझनला तुला जे समजून घ्यायचं आहे ते गूगलच्या फुकट साधनांत आणि तुमच्या दुकानाच्या फोनमध्ये आहे. विकतच्या टूलची गरज कधी पडते तेही सांगते, पण ते नंतर.

आधी आकड्यांचा घोळ. गूगलवर एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो हे फक्त गूगललाच ठाऊक असतं. ते आकडे गूगल आपल्या ‘कीवर्ड प्लॅनर’ या फुकट साधनातून बाहेर देतं, तेही ढोबळ करून. बाहेरच्या कंपन्यांची टूल्स साधारणपणे हेच आकडे घेतात, त्यात लोकांच्या ब्राउझरमधून गोळा झालेली क्लिकची माहिती मिसळतात आणि आपापल्या गणिताने अंदाज बांधतात. ‘एअर कूलर’ हा शब्द अख्ख्या भारतासाठी पाहिला तर तो अंदाज कामापुरता बरा निघतो. पण त्याला ‘नागपूर’ जोडलं की नमुना इतका लहान होतो की एकाचे हजार आणि दुसऱ्याचं शून्य निघणं अगदी शक्य आहे. त्यात कोणी ‘रिपेअर’ आणि ‘रिपेअरिंग’ एकत्र मोजतं, कोणी वेगळं. कोणी मागच्या बारा महिन्यांची सरासरी देतं, कोणी गेल्या महिन्याचा आकडा.

ही बारा महिन्यांची सरासरी तुमच्या धंद्यात फार फसवी आहे. नागपुरात होळी झाली की घरोघरी कूलर बाहेर निघतात, एप्रिल-मे मध्ये तुमचा फोन थांबत नाही आणि डिसेंबरात कूलरचं नावही कोणी काढत नाही. एप्रिलची गर्दी आणि डिसेंबरचा शुकशुकाट एकत्र करून बाराने भागल्यावर जो आकडा येतो तो वर्षातल्या कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही. प्लॅनरमध्ये महिन्यागणिक आलेखही दिसतो. तो पाहा, सरासरी सोडून दे.

शून्याला तर अजिबात घाबरू नकोस. टूल शून्य दाखवतं याचा अर्थ त्या टूलच्या साठ्यात तो शब्द नाही. लोक तो शोधतच नाहीत, असा अर्थ नाही. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध आम्ही याआधी कधीच पाहिलेले नसतात, असं गूगल स्वतः अनेक वर्षं सांगत आलं आहे. ‘बेसा कूलर मेकॅनिक’ असं महिन्यात सातआठ जणांनी टाकलं आणि त्यातल्या तिघांनी तुला फोन केला, तर तुझ्या दुकानासाठी तो मोठा शब्द आहे. कोणत्याही टूलला तो कळणार नाही.

तेव्हा खरं कोणतं? नेमकं कोणतंच नाही. एकाच टूलमध्ये दोन शब्द शेजारी ठेवून कोणता मोठा आणि कोणता लहान, एवढंच त्या आकड्यांवरून ठरवायचं. एका टूलचा आकडा दुसऱ्या टूलच्या आकड्याशी जुळवत बसू नको.

आता दुकानाचा फोन. मला तुझ्या पत्रात सगळ्यांत मोलाची गोष्ट ही वाटली की तू दुकानात बसतेस. मागच्या एप्रिल-मे मधले व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे मेसेज उघड आणि ग्राहकांनी जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं एका वहीत उतरव. शुद्ध करू नको. ‘पाणी वर चढत नाही’, ‘मोटर जाम झाली’, ‘कूलर से बदबू आ रही है’, ‘घास बदलायची आहे, किती घेता’, ‘दो महीने के लिए किराये पे मिलेगा क्या’, ‘कूलरला करंट येतो’. माणूस दुकानदाराला ज्या शब्दांत विचारतो, साधारण त्याच शब्दांत गूगललाही विचारतो. तुझ्या साइटवर मात्र बहुतेक ‘उत्कृष्ट दर्जाच्या कूलिंग सेवा’ असलं काहीतरी लिहिलेलं असेल. साइट बनवून देणारे तसं लिहितात, ग्राहक तसं काही शोधत नाही. फोनवर जे विचारतात ते मेसेजमध्ये उरत नाही, म्हणून काउंटरवर वही ठेव आणि बाबा किंवा कारागीर फोन घेतील तेव्हा ग्राहकाने काय विचारलं ते त्यांच्याकडूनही विचारून घे.

या वहीतल्या प्रश्नांचे विषयवार ढीग पाडलेस की तुझ्या लक्षात येईल की तुमचे धंदे तीन आहेत. नवा कूलर घेणारा, जुना दुरुस्त करून घेणारा आणि भाड्याने मागणारा ही तीन वेगळी माणसं आहेत. त्यांचे शब्द वेगळे, घाई वेगळी. मोटर बंद पडलेल्याला आत्ता माणूस हवा आहे. भाड्याने मागणारा बहुतेक विद्यार्थी किंवा बदलीवर आलेला भाडेकरू असतो, तो दर आणि डिपॉझिट आधी बघतो. नवा घेणारा चार दिवस विचार करतो. या तिघांना एकाच पानावर बसवू नको. तीन पानं कर. कुठल्या टूलने कुठला आकडा दाखवला यापेक्षा या एका कामाचा तुला जास्त फायदा होईल, हे मी खात्रीने सांगते.

आणि करंटचा प्रश्न वहीत दिसला तर त्याला स्वतंत्र पान दे. लोखंडी बॉडी, पाणी आणि वीज एकत्र असलेली ती वस्तू आहे. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात. अर्थिंग कसं असावं, पाणी भरण्याआधी प्लग का काढायचा, पंपाची वायर कुठे घासते, हे कूलर स्वतः बनवणाऱ्या माणसाने सांगितलेलं लोक विश्वासाने वाचतील. या शब्दाला किती सर्च आहेत ते बघूसुद्धा नको. हे पान असायलाच हवं.

वही झाली की फोनवर गूगल उघड आणि त्यातला एकेक शब्द टाकत जा. टाइप करताना खाली जे पर्याय येतात ते बघ. निकालांच्या मध्ये येणारे प्रश्न आणि अगदी तळाशी येणारे संबंधित शोध हेही वहीत घे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिल्या पानावर कोण बसलंय ते पाहा. ‘कूलर प्राइस’ टाकलंस तर अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मोठ्या ब्रँडच्या साइट्स दिसतील. तिथे तुझ्या दुकानाच्या साइटने डोकं आपटण्यात अर्थ नाही, आकडा कितीही मोठा असो. ‘कूलर रिपेअर’ टाकलंस तर वर नकाशा आणि तीन दुकानं येतील, खाली जस्टडायलसारख्या साइट्स. म्हणजे ती लढाई वेबसाइटची कमी आणि नकाशाची जास्त आहे. टूलमध्ये त्या शब्दावर वर येणं किती कठीण हे सांगणारा ‘डिफिकल्टी’ नावाचा एक आकडा असतो. तो मुख्यतः पहिल्या पानावरच्या साइट्सना दुसऱ्या साइट्सवरून किती लिंक आहेत यावरून काढतात आणि प्रत्येक टूलचं ते गणित वेगळं असतं. पहिलं पान डोळ्यांनी बघणं त्यापेक्षा भरवशाचं.

नकाशाचा विषय निघालाच आहे. गूगल बिझनेस प्रोफाइल, जुन्या नावाने गूगल माय बिझनेस, म्हणजे नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती, तुम्ही भरलेलं असेल अशी आशा आहे. नसेल तर वेबसाइटच्या आधी ते. त्यातल्या परफॉर्मन्स भागात लोकांनी कोणते शब्द टाकल्यावर तुमचं दुकान दिसलं याची यादी मिळते, अगदी फुकट. ही यादी तुमच्या दुकानाची, तुमच्या भागातली असते. नकाशातला क्रम शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर ठरतो, असं गूगल सांगतं. काटोल रोडवर उभ्या असलेल्या माणसाला मानेवाड्याचं दुकान वर दिसावं म्हणून कुठलं टूल काही करू शकत नाही. त्याला जवळचंच दुकान दिसणार. मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर, नंदनवन ही तुमची खरी हद्द आहे, शब्द तिथलेच धर. आणि कोणी सांगितलं की प्रोफाइलवर दुकानाच्या नावापुढे ‘बेस्ट कूलर रिपेअर नागपूर’ जोड, तर जोडू नको. पाटीवर जे नाव आहे तेच लिहायचा गूगलचा नियम आहे, आणि तो मोडल्यावर प्रोफाइल बंद पडू शकतं. एप्रिलमध्ये ते बंद पडलं तर काय होईल ते तुला सांगायला नको.

आता कीवर्ड प्लॅनर. तो गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात मिळतो. खातं पूर्ण करताना बिलिंगची माहिती आणि एक कॅम्पेन तयार करायला सांगतात. ते कॅम्पेन लगेच पॉज करायचं, म्हणजे जाहिरात चालत नाही आणि पैसे कटत नाहीत. ही पायरी विसरू नको. आत गेल्यावर आधी ठिकाण बदल. तिथे अख्खा भारत असेल तर तो काढून नागपूर घाल. बाहेरची बरीच टूल्स देशाच्या खाली उतरतच नाहीत, हा प्लॅनर शहरापर्यंत येतो, आणि तुझ्यासाठी हीच त्याची खरी किंमत आहे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला नेमका आकडा न देता 100 ते 1 हजार, 1 हजार ते 10 हजार असे पट्टे दाखवतात. चालेल. कोणता शब्द कोणत्या पट्ट्यात आहे एवढं कळलं तरी काम होतं. तिथला ‘कॉम्पिटिशन’ चा रकाना मात्र जाहिरातदारांच्या चढाओढीचा आहे, फुकटच्या निकालांमधल्या स्पर्धेचा नाही. भले भले मार्केटिंगवाले तो उलटा वाचतात. शेजारी जाहिरातीच्या बोलीची रक्कम दिसते, ती बघण्यासारखी आहे. एखाद्या शब्दाला लोक जास्त पैसे मोजत असतील तर त्या शब्दातून गिऱ्हाईक मिळतं, असा त्याचा साधा अर्थ.

गूगल ट्रेंड्स तुला एकाच गोष्टीसाठी लागेल. महाराष्ट्र निवड, पाच वर्षं निवड, ‘कूलर’ टाक आणि आलेखाची रेघ दरवर्षी कोणत्या आठवड्यात वर चढायला लागते ते पाहा. तिथले आकडे शोधांची संख्या नसतात. सगळ्यांत जास्त शोध झाला तो आठवडा 100 धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात मांडलेले असतात. रेघ चढायच्या निदान दीडदोन महिने आधी तुझी पानं साइटवर असायला हवीत, कारण नवं पान गूगलच्या नजरेत येऊन जागेवर बसायला वेळ लागतो. मेअखेरच्या नवतप्यात लिहिलेलं पान पुढच्या वर्षी कामाला येईल.

गूगलचं सर्च कन्सोल हे फुकट साधन मात्र आजच सुरू कर, हे उत्तर वाचून झालं की लगेच. साइट तुझीच आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं, साइट बनवून देणाऱ्याला सांगितलंस तर तो करून देईल. पण खातं तुझ्या ईमेलवर असू दे, त्याच्या नाही. काही दिवसांत त्यात दिसायला लागेल की कोणत्या शब्दांवर तुझी साइट गूगलमध्ये दिसली, किती वेळा, कितव्या क्रमांकावर, आणि किती जणांनी क्लिक केलं. हा अंदाज नसतो, तुझ्या साइटचा प्रत्यक्ष हिशेब असतो. फार थोड्या लोकांनी टाकलेले शब्द खासगीपणासाठी लपवलेले असतात, तेवढी उणीव सोडली तर यासारखं दुसरं टूल नाही. 16 महिन्यांची माहिती त्यात राहते. सीझनच्या धंद्याला हे फारच सोयीचं, कारण या एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशी करता येते. ज्या शब्दांवर साइट बरेचदा दिसते पण क्रमांक आठच्या खाली आहे, त्या शब्दांची पानं आधी सुधार. नवे शब्द शोधत हिंडण्यापेक्षा हे सोपं आहे आणि लवकर फळतं.

भाषेचं विचारलंस. नागपुरात माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि फोनवर दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. त्यामुळे वहीतला प्रत्येक शब्द प्लॅनरमध्ये तिन्ही तऱ्हांनी टाकून बघ: मराठी देवनागरीत, हिंदी देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत. माझा अंदाज आहे की दुरुस्तीचे शब्द इंग्रजी अक्षरांत जास्त निघतील आणि ‘करंट का येतो’, ‘वास का येतो’ असे प्रश्न देवनागरीतही बऱ्यापैकी दिसतील, पण माझ्या अंदाजावर जाऊ नको, बघून ठरव. एका पानावर एकच भाषा ठेव, गूगलही तेच सुचवतं. वरचा परिच्छेद मराठी आणि खाली त्याचंच हिंदी भाषांतर असं करू नको. भाड्याच्या पानाला हिंदी गिऱ्हाईक जास्त असेल तर ते पान हिंदीत लिही, स्वतः लिही, मशीनने केलेलं भाषांतर तसंच डकवू नको. कूलरच्या बाजूंना लावायच्या पॅडचे ‘ताटी’, ‘घास’ आणि ‘हनीकोंब पॅड’ हे तिन्ही शब्द एका पानावर सहज येऊ शकतात, कारण दुकानात तुम्ही तसंच बोलता.

तुझ्या साइटच्या कोडमध्ये कोणी पन्नास शब्दांची ‘मेटा कीवर्ड्स’ ची यादी भरून ठेवली असेल तर ती क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नको. एआय चॅटबॉटला शब्दांची यादी मागितलीस तर तो ऐटीत देईल, आणि वहीत राहून गेलेले काही शब्द त्यातून सापडतीलही. पण किती लोक ते शोधतात हे त्याला ठाऊक नसतं. त्याने आकडे दिले तर ते धरू नको.

आता विकतची टूल्स. सेमरश आणि एएचरेफ्स ही मोठी नावं आहेत आणि कामाला खरंच चांगली आहेत, पण त्यांची नेहमीची पॅकेजेस महिन्याला 100 डॉलरच्या वर जातात. त्यांची ताकद दुसऱ्याची साइट कोणत्या शब्दांवर चालते आणि तिला कुठून लिंक मिळतात हे दाखवण्यात आहे. एजन्सीला, मोठ्या ऑनलाइन दुकानाला त्याचा उपयोग होतो. तुमच्या शेजारच्या कूलरवाल्याची साइटच नसेल तर त्याचं काय दाखवणार? उबरसजेस्ट स्वस्तात मिळतं. कीवर्ड्स एव्हरीव्हेअर हे ब्राउझरमध्ये बसणारं टूल क्रेडिटवर, म्हणजे ठरावीक शब्द बघण्याच्या कोट्यावर, चालतं आणि गूगलच्या पानावरच शेजारी आकडे दाखवतं. लहान धंद्याला झेपण्यासारखं त्यातल्या त्यात हेच वाटतं. तुझ्या स्वतःच्या साइटपुरती माहिती एएचरेफ्स वेबमास्टर टूल्समध्ये फुकटही मिळते.

उद्या तुम्ही कूलरचे पंप, पॅड, मोटर असं सामान साइटवरून विदर्भभर, छत्तीसगड-मध्य प्रदेशात पाठवायला लागलात, तर चित्र बदलेल. तेव्हा शंभर वस्तूंची नावं लोक कशी शोधतात हे हाताने बघत बसणं शक्य नाही, आणि देशपातळीवरचे आकडे तुझ्या कामाचे होतील. तेव्हाही वर्षाचं घेऊ नको. एका महिन्याचं घे, डिसेंबर किंवा जानेवारीत. आधी वही तयार ठेव, त्या महिन्यात सगळे शब्द तपासून फाइल उतरवून घे आणि बंद कर. घेण्याआधी वहीतले पाच शब्द त्या टूलच्या फुकट चाचणीत टाकून बघ. त्यातला एक देवनागरीत असू दे, एक हिंदी इंग्रजी अक्षरांत. पाचांपैकी चारांना ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं तर ते टूल तुझ्यासाठी नाही, जगभर त्याची कितीही वाहवा होत असो. चाचणीसाठी कार्ड दिलंस तर मुदत संपायच्या आधी रद्द कर आणि रद्द केल्याचा ईमेल जपून ठेव.

एक सावधगिरी मात्र मनावर घे. ही महागडी टूल्स महिन्याला दोनचारशे रुपयांत देतो, असं सांगणारे लोक भेटतील. एकच खातं पन्नास जणांना वाटून विकण्याचा तो धंदा असतो. टूलच्या अटींमध्ये ते बसत नाही, खातं कधीही बंद पडतं, आणि तुझ्या ब्राउझरमध्ये ते जे एक्स्टेन्शन टाकायला लावतात त्यातून काय काय वाचलं जातं ते तुला कळणार नाही. त्याच ब्राउझरमध्ये दुकानाचं बँक खातं उघडं असेल. या वाटेला जाऊ नको.

मार्केटिंगवाल्या ओळखीच्या माणसाला दुखवायचं कारण नाही. त्याला वहीतले शब्द दे आणि म्हण, यातल्या प्रत्येकाचा नागपूरपुरता, एप्रिल महिन्याचा आकडा या टूलमध्ये दाखव. दाखवू शकला तर पुढे बोला. पॅकेजसाठी ठेवलेल्या पैशातले थोडे तुला साइटवरच खर्चायचे असतील तर कूलर बनताना आणि दुरुस्त होतानाचे चांगले फोटो काढून घे, आणि भाड्याच्या पानावर दर, डिपॉझिट आणि घरपोच किती वाजेपर्यंत मिळेल हे स्पष्ट लिही.